उशा वाहणारा ट्रक

थेंबबाबांच्या अंगणात त्या रविवारी इतकी गर्दी होती की ट्रकला वळायला जागा देण्यासाठी लोक एकमेकांच्या पायांवर उभे राहिले, आणि तरी कोणी कुरकुर केली नाही. चमत्कार बघायला आलेला माणूस पाय तुडवून घेतो. दवाखान्याच्या रांगेत तोच माणूस नुसता धक्का लागला तरी वंशावळ काढतो.

अंगणाच्या वरच्या टोकाला जुन्या टायरांचा चौथरा रचला होता, त्यावर गादी टाकून बाबा बसले होते. 'एका थेंबात शंभर गावं' हे त्यांचं ब्रीद, म्हणून थेंबबाबा. समोर बाबांकडे तोंड करून एक लाल सहा चाकी ट्रक उभा होता. बाबांच्या माणसाने चाकांना दगड लावले, टाकीचं झाकण काढलं आणि डिझेल पार तोंडाशी येईपर्यंत ओतलं. पुढच्या रांगेतल्या काही जणांना बोलावून बोट बुडवायला लावलं. त्यांनी बोटं बुडवली, वास घेतला आणि मोठा शोध लावल्यासारख्या चेहऱ्याने जागेवर जाऊन बसले.

मग ट्रक डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायला निघाला, आणि तोवर बाबांचं प्रवचन सुरू झालं.

"इंजिन डिझेल पीत नाही, बाळांनो. इंजिन म्हणजे बिचारं लोखंड. लोखंडाला कधी तहान लागते का? पितो तो मालकाचा अहंकार. टाकी म्हणजे पोट, चाक म्हणजे हाव. आणि आरसा म्हणजे काय?"

"काय?" गर्दीने विचारलं.

"आरसा म्हणजे मागे बघणं. मागे बघितलं की शंका येते, आणि शंका आली की टाकी गळते."

एखादा वाहतूक पोलीस हे ऐकून काय म्हणाला असता, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

ट्रक धापा टाकत परत आला. ड्रायव्हरने तो वळवून बाबांकडे पाठ करून उभा केला. जाताना दर्शन, आल्यावर आशीर्वाद, असा तिथला नेम होता. आशीर्वाद पाठीवर घ्यायचा असतो म्हणे. पुन्हा दगड लागले, पुन्हा झाकण निघालं. बाबांच्या माणसाने तांब्याने डिझेल ओतलं. दुसरा तांब्या निम्मा झाला नाही तोच टाकी भरून वाहू लागली.

"डोंगर चढून आला आणि दीड तांब्यात भागलं," मागून कोणीतरी म्हणालं. "आमचा मेव्हणा जेवायला बसला की याहून जास्त पाणी पितो."

मग साक्षीची वेळ झाली. साक्षीदारांना पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या आणि त्यातली पहिली खुर्ची गादीशेठची होती. ते उठले, घसा साफ केला आणि दर रविवारी म्हणायचे तेच म्हणाले. "माझा ट्रक आधी फार प्यायचा. बाबांनी हात ठेवला. आता निम्म्यात भागतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गादीशेठचे कान तापले. हल्ली साक्ष दिली की त्यांचे कान तापायचे, आणि ते खाली बघत बसायचे. त्या दिवशी बसता बसता त्यांची नजर गर्दीत गेली आणि तिथे त्यांना आपल्या थोरल्या वहिनी दिसल्या. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या विचार करत होत्या.

गादीशेठचा धंदा गाद्यांचा आणि उशांचा. पुढे दुकान, मागे कारखाना. माल असा की एक गादी शाळेतली मुलगी डोक्यावर घेऊन जिना चढेल; आणि उशी म्हणजे काय, अभ्र्यात बांधलेली हवा. पूर्वी त्यांच्याकडे एक लहान टेंपो होता, उंच पिंजऱ्याचा. तो कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत उशांनी भरून गुमान फिरायचा आणि चिमणीएवढं प्यायचा. मग शेजारच्या फरशीवाल्याने ट्रक घेतला. फरशीवाल्याच्या दारात ट्रक आणि आपल्या दारात टेंपो, हे गादीशेठना बघवेना. फरशी जड असते आणि उशी हलकी असते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते पदवीधर होते. पण दारात ट्रक उभा असला की माणूस स्वतःला दोन बोटं उंच समजतो, आणि त्या उंचीवरून बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत.

ट्रक त्यांनी थेंबबाबांच्या पुतण्याकडून घेतला. पुतण्याचा जुन्या ट्रकांचा धंदा अंगणाच्या मागेच होता. हा ट्रक आधी खाणीत दगड वाहायचा. त्यात छतापर्यंत उशा भरल्या तरी त्याचे स्प्रिंगचे पाटे जराही दबायचे नाहीत. खड्डा आला की रिकाम्या डब्यासारखा उडायचा आणि त्याच्याबरोबर उशाही उडायच्या. उशांना काही लागायचं नाही, गादीशेठची कंबर तेवढी धरायची. आणि प्यायचा तो दगड वाहताना पीत होता तेवढंच.

"पहिलवानाला सुईत दोरा ओवायला बसवलाय तुम्ही," गादीशेठची बायको म्हणाली होती. "दोरा ओवला जाईल न जाईल, खुराक तर द्यावाच लागणार."

गादीशेठ तक्रार घेऊन पुतण्याकडे गेले. पुतण्या म्हणाला, काकांचा हात लागला की सगळं ठीक होईल. हात लागला, अंगणात चमत्कार झाला, दीड तांब्यात टाकी भरली. त्या आनंदात गादीशेठनी जागच्या जागी साक्ष देऊन टाकली.

आठवड्याभरात टाकीचा काटा तळाला गेला. गादीशेठ एकटेच बाबांकडे गेले आणि हळूच विषय काढला.

"मनात शंका आली होती का?" बाबांनी विचारलं.

"थोडीशी."

"थोडीशीच ना?"

"अगदीच थोडीशी, बाबा."

"भोक अगदी थोडंसंच असतं," बाबा म्हणाले, "टाकी मात्र सगळी रिकामी होते."

झालं. यापुढे जे डिझेल जळेल ते गादीशेठच्या मनाच्या खोटेपणाने जळणार होतं. आता सांगायचं कोणाला? ट्रक पितो असं म्हणायचं, तर आपलं मन मळकं आहे असं चारचौघांत म्हणण्यासारखं. चौकातल्या पंपावर गेलं तर ओळखीचे बघणार. म्हणून ते गावाबाहेर हायवेवरच्या पंपावर जाऊ लागले. डिझेल लपवून भरता यावं म्हणून जास्तीचं डिझेल जाळत तिथवर जायचं, हा हिशेब पदवीधर माणसालाच सुचतो.

एका दुपारी त्या पंपावर त्यांना बर्फवाला भेटला. बर्फवाला म्हणजे पुढच्या रांगेतली दुसरी खुर्ची.

"काय शेठ, इकडे कुठे?"

"हवा भरायला," गादीशेठ म्हणाले. "मागचं टायर जरा बसलंय. तुम्ही?"

"मी पण हवाच."

"इथली हवा चांगली असते."

"हो. मोकळी असते."

तेवढ्यात पंपावरचा पोऱ्या नळी घेऊन आला. "दोघांच्या टाक्या फुल ना, नेहमीसारख्या?"

दोघांनी आभाळाकडे बघितलं. पाऊस येईल का याची चर्चा झाली. मग एकमेकांकडे न बघता दोघांनी टाक्या भरून घेतल्या आणि दोन दिशांना निघून गेले. त्यांच्यातल्या एकाने 'माझाही तेवढाच पितो हो' एवढं म्हटलं असतं, तरी थेंबबाबांचं दुकान तिथेच बंद झालं असतं. पण दोघांनाही वाटत होतं की मळकं मन आपलं एकट्याचंच. दुसरा बहुतेक खरंच हवेसाठी आला असावा.

तर अशा या गादीशेठकडे सोमवारी संध्याकाळी वहिनी आल्या. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्यांनी पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना एकटीने सांभाळला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, हाताखाली काही बायका आणि एक तीनचाकी टेंपो. बुटांची, औषधांची खोकी भरून वहिनी तो स्वतः चालवायच्या. त्या टेंपोवर घर चालत होतं, आणि आता टेंपोला दम लागला होता.

गाद्यांच्या थप्पीवर बसत त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"तो पुतण्या म्हणतोय, टेंपो देऊन टाका आणि निळा ट्रक घेऊन जा, वरचे हप्त्याने द्या. मी म्हटलं, माझी खोकी हलकी, मला एवढं धूड कशाला? लहानच गाडी घेते आणि बाबांकडे आणते. तर म्हणे लहान गाडीला कृपा चालत नाही. लहान भांड्यात मावत नाही. मोठ्या ट्रकाला लागली की तो टेंपोहून कमी पिईल."

पलीकडे त्यांची बायको शिलाई मशीनवर अभ्रे शिवत होती. मशीन थांबलं.

"मला काही ते पटत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "बाबा काय बोलतात ते मला निम्मं कळतही नाही. पण काल तुम्ही उभं राहून सांगितलंत. तुमचं मी ऐकते. मला घरातलं माणूस म्हणून सांगा, खरंच कमी पितो का?"

सांगायला याहून चांगली जागा गादीशेठना मिळाली नसती. दार लोटलेलं होतं, बाहेरचं कोणी नव्हतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग काल काय सांगत होतात?

"पितो," गादीशेठ म्हणाले. "म्हणजे, कमी पितो."

मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच आवाज करत.

"मग झालं तर," वहिनी उठल्या. "येत्या रविवारी निळ्या ट्रकाला कृपा, आणि तिथेच टेंपोची चावी देऊन टाकते."

त्या गेल्यावर बायकोने दोरा तोडला. "उद्या ताईंकडे जा."

"ताईचा इथे काय संबंध?"

"मी बोलून उपयोग नाही. मला तुम्ही घाबरत नाही."

ताई म्हणजे गादीशेठची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात घालवून आता निवृत्त झाली होती, पण भाऊ समोर आला की निवृत्ती विसरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी गादीशेठ तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "एका ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. त्याने एक ट्रक घेतला..."

"हा ओळखीचा माणूस उशा विकतो का?"

गादीशेठनी भिंतीकडे बघणं सोडलं.

"चहा घे आणि पहिल्यापासून सांग. आणि मधलं गाळू नकोस. तू लहानपणापासून मधलं गाळतोस."

त्यांनी सगळं सांगितलं. पंप सांगितला, बर्फवाला सांगितला. वहिनींना दिलेलं उत्तर सांगताना आवाज इतका खाली गेला की ताईने "काय?" म्हणून तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. शिक्षा म्हणून नव्हे. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं.

"चाकांना दगड लावतात म्हणालास. कशाला?"

"ट्रक घरंगळू नये म्हणून."

"सपाट अंगणात ट्रक घरंगळतो?"

"नाही."

"बाबा कुठे बसतात?"

"वरच्या टोकाला," गादीशेठ म्हणाले, आणि 'वरच्या' हा शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून थबकले.

ताईने फळीवरून तेलाचा रिकामा चौकोनी डबा काढला. त्याचं तोंड एका कोपऱ्याला होतं. तिने तो ओट्यावर आडवा ठेवला आणि तोंडाच्या बाजूखाली एक पुस्तक सरकवलं. "भर."

गादीशेठनी पाणी ओतलं. डबा काठोकाठ भरला. ताईने त्यातलं दोन पेले पाणी काढून घेतलं. "हे तुझं डोंगरावर जाऊन येणं." मग तिने पुस्तक काढून पलीकडच्या टोकाखाली घातलं. तोंड खाली आलं, मागचा कोपरा वर गेला, आणि पाणी पुन्हा तोंडाशी येऊन डचमळू लागलं.

"भर आता."

गादीशेठनी चमचाभर ओतलं. ओट्यावर ओघळ आला.

"काढले दोन पेले, मावला एक चमचा. बाकीच्या जागेत काय आहे?"

"हवा," गादीशेठ म्हणाले.

"हवा. तुझ्याच धंद्यातला माल." ताईने डबा पुन्हा पहिल्यासारखा ठेवला. पाणी तोंडापासून खाली गेलं. "ट्रकाची टाकी लांब असते आणि तोंड एका टोकाला. जाताना ते तोंड चढाकडे, आल्यावर उताराकडे. दर्शन आणि आशीर्वाद. लहान गाडीची टाकी आखूड, तिच्यात एवढा फरक पडत नाही. म्हणून लहान भांड्यात कृपा मावत नाही. शिवाय पुतण्याकडे लहान गाड्या नसतीलच."

"एवढंच?" गादीशेठ म्हणाले. त्यांना वाटलं होतं, चोरटी नळी असेल, लपवलेली दुसरी टाकी असेल, निदान एखादं यंत्र तरी. पदवीधर माणसाला फसवायला काहीतरी तोलामोलाचं हवं होतं. ते तेलाच्या डब्याने फसले होते.

"डब्याने तू एक दिवस फसलास," ताई म्हणाली. "नंतर रस्त्यावर ट्रक पीत होता तेव्हा उतार कुठे होता? ते पुढचं काम बाबांनी केलं नाही. तुम्ही केलंत."

"आम्ही काय केलं?"

"गप्प बसलात. आता ऊठ आणि वहिनीला सांगून ये."

गादीशेठ गेले. खरंच गेले. वहिनी बायकांना दाखवत होत्या की ट्रक इथे उभा राहील, त्यासाठी पाण्याचं पिंप हलवावं लागेल. बायका हसत होत्या. वहिनींनी विचारलं, "काय भाऊजी, काही काम होतं?" गादीशेठ म्हणाले, "एक खोकं हवं होतं." आणि काखेत रिकामं खोकं घेऊन घरी आले. बायकोने खोक्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

रविवारी निळा ट्रक उभा राहिला. वहिनी पुढे बसल्या होत्या, टेंपोची चावी मुठीत. शेजारी ताई, मांडीवर पाण्याची बाटली; भाऊ मधलं गाळणार हे तिला ठाऊक होतं. ओतणं झालं, बोटं बुडवणं झालं, अहंकार, हाव आणि आरसा झाला. ट्रक डोंगरावरून परतला, पाठ करून उभा राहिला आणि पुन्हा दीड तांब्यात तृप्त झाला. पुतण्या हात पुढे करून वहिनींसमोर आला.

"एक विनंती आहे," ताई उठून म्हणाली. "वहिनींची एवढी मोठी खरेदी. ट्रकाला अजून एक दर्शन घेऊ द्या. निघताना जसा उभा होता तसा एकदा उभा करा."

"दर्शन झालंय," बाबा म्हणाले.

"घेऊ दे की, बाबा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "जास्तीचं दर्शन काय वाया जातं?"

भक्तांपुढे दर्शन नाकारणं कोणत्याही बाबाला परवडत नाही. ड्रायव्हरने ट्रक फिरवला. ताईने स्वतः झाकण काढलं आणि मघाशी बोट बुडवणाऱ्यांना पुन्हा बोलावलं. पहिल्याने बोट घातलं. मग आणखी खोल घातलं. मग बाहेर काढून बघितलं. ते कोरडं होतं.

"ओता," ताई म्हणाली.

बाबांच्या माणसाने सवयीने तांब्या उचलला. तांब्याने काम होईना. कॅन आला. कॅन गटगट रिकामा झाला आणि टाकीने त्याची दखलसुद्धा घेतली नाही.

"शंका," बाबांनी हात वर केला. "या बाईच्या शंकेने टाकी गळली."

गर्दीने मान डोलावली. "बाई, खाली बसा हो," एक जण म्हणाला. "तुमच्यामुळे आमच्या गाड्यांना बाधा व्हायची."

ताई चौथऱ्यापाशी गेली आणि तिने बाटली तिथल्या फरशीवर उपडी केली. पाणी क्षणभर थांबलं, मग सरळ फाटकाकडे निघालं. लोकांनी पाय उचलून त्याला वाट दिली. "अंगणाला उतार आहे," ताई म्हणाली, आणि वर्गात सांगावं तसं तोंड, टोक, चढ, उतार समजावून सांगितलं. "का पाण्यालाही शंका आली?"

काही जण पाण्याकडे बघत राहिले. पण बाबांनी अशी माणसं पूर्वीही पाहिलेली असणार. ते मंद हसले. "ठीक आहे, बाई. अंगणाला उतार. मग रस्त्यावर काय? हे गादीशेठ बसलेत. यांचा ट्रक रोज गावभर फिरतो आणि निम्म्यात भागतं त्याचं. तिथे कुठलं अंगण? विचारा त्यांनाच."

ताईने भावाकडे बघितलं. सगळ्या गर्दीने बघितलं. वहिनींनीही बघितलं, आणि त्यांच्या मुठीत चावी होती.

गादीशेठ उभे राहिले. "माझा ट्रक," ते पुटपुटले.

"मोठ्याने, शेठ," बाबा प्रेमाने म्हणाले.

"माझा ट्रक पहिल्याइतकाच पितो. थेंबसुद्धा कमी नाही. मी गावाबाहेरच्या पंपावर जाऊन चोरून भरतो."

साक्षीदारांच्या रांगेत खुर्च्या करकरल्या.

"मनात शंका असली की असंच व्हायचं," बाबा म्हणाले.

"शंका होती," गादीशेठ म्हणाले. "माझ्या मनात होती. इंजिनाला कोणी सांगितली?"

मग दुसऱ्या खुर्चीवरून बर्फवाला, उभा न राहता, आपल्या बुटांना उद्देशून म्हणाला, "मी पण तिथे हवा भरायला जात नव्हतो."

मागे कोणीतरी खाकरलं. कोणीतरी म्हणालं की त्याने तर ट्रक विकायलाच काढलाय. पण आरडाओरडा झाला नाही, बाबांची कोणी गचांडीही धरली नाही. धरायची तर आधी आपलं सांगावं लागलं असतं. लोक एकेक करून खाली मान घालून उठले आणि फाटकाबाहेर पडले. ताईबरोबर पोलिसांत तक्रार द्यायला गेले ते मोजकेच. त्यांत गादीशेठ होते. जबाबात त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि लिहून घेणाऱ्या हवालदाराने मध्येच मान वर करून विचारलं, "उशा म्हणालात ना?"

त्याआधी, अंगणाबाहेर, वहिनी टेंपोत बसत होत्या. गादीशेठ जवळ जाऊन उभे राहिले.

"वहिनी..."

"चारचौघांत सांगायला लाज वाटते, ते मला कळतं, भाऊजी," वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी चारचौघांत विचारलं नव्हतं. तुमच्या घरात बसून विचारलं होतं."

टेंपो सुरू होईना. गादीशेठनी मागून ढकलला. तो धडधडत निघाला आणि वहिनी त्यांना धुरात उभं ठेवून गेल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी काय केलं ते साधंच आहे, पण गावात आजवर कोणी केलं नव्हतं. सगळ्यात जास्त माल जातो त्या दिवसाची सगळी खोकी त्यांनी रद्दीवाल्याच्या काट्यावर घातली. रद्दीवाल्याने सवयीने भाव सांगितला. वजन भरलं ते दोन धडधाकट माणसांएवढं. म्हणजे माल जागा खात होता, वजन नव्हतं त्याला. मग त्यांनी थप्पीची उंची मोजली, ज्या गल्ल्यांतून जावं लागतं त्यांची रुंदी मोजली, आणि गाडी खरोखर भरून जाते असे दिवस कोणते याची आठवण केली. ते फार नव्हते. भावाची बायको काटा वापरते आणि आपण पदवी, हे गादीशेठना दुरून बघावं लागलं.

गाडी घ्यायला निघताना मात्र वहिनींनी निरोप धाडला: तुम्ही यायचं, बोलायचं नाही.

दुकानातला विक्रेता तरुण होता, गुळगुळीत होता. "मॅडम, आजचा विचार करू नका, उद्याचा करा. धंदा वाढला तर?"

"एक फेरी जास्त मारीन."

"मोठ्या गाडीचा रुबाबच वेगळा असतो."

"रुबाबाचं खोकं मी करत नाही. मला इंजिन लहान, हौदा उंच आणि वरून बंद असलेली गाडी दाखवा. आणि भरल्यावर किती चालते ते सांगा. कागदावरचं नको, माझ्या मालावरचं. नाहीतर एकदा माझा माल भरून चालवून दाखवा."

विक्रेत्याला इतक्या सरळ गिऱ्हाइकाची सवय नव्हती. त्याने मदतीसाठी बाईमाणसाबरोबर आलेल्या पुरुषाकडे बघितलं. "साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. तुमच्याकडे कोणती गाडी आहे?"

गादीशेठनी वहिनींकडे बघितलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

"माझ्याकडे दगड वाहायचा ट्रक आहे," गादीशेठ म्हणाले. "मी त्यात उशा वाहतो. माल उशांचा आणि डिझेल दगडांचं, असं रोज चालतं. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतला. यांना लहानच द्या."

विक्रेता हसला, कारण त्याला तो विनोद वाटला. वहिनी हसल्या नाहीत. लहान गाडीचं दार उघडून त्या आत बसल्या, हात लांब करून आरसा सारखा केला आणि काचेतून विचारलं, "मग त्या ट्रकाचं काय करणार?"

"विकतो. खडी-वाळूवाला कोणी मिळाला तर. त्याच्या कामाचा आहे तो."

"त्याने विचारलं, किती पितो, तर?"

"जेवढा पितो तेवढं सांगेन."

"बघा हं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. पुन्हा भरवसा ठेवला असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि गादीशेठनी तशी अपेक्षाही केली नाही.

ही गोष्ट वाचून कोणी गाडी घ्यायला निघालं असेल तर त्याने आधी आपला माल काट्यावर ठेवावा. शेजाऱ्याचा नव्हे, आपला. रोज किती जातो, किती लांब जातो, कुठल्या गल्लीतून जातो, ते बघावं आणि त्याला पुरेल एवढीच गाडी घ्यावी. ती किती पिते हे पाहायला मंत्र लागत नाही. सपाट जागी टाकी भरायची, गाडी चालवायची आणि त्याच जागी, त्याच तोंडाने उभी करून पुन्हा भरायची. कोणी कृपेची गाडी दाखवली, तर ती एकदा उलटी फिरवून बघायची. आणि बघून जे कळेल ते त्याच दिवशी शेजाऱ्याला सांगायचं, कान तापले तरी सांगायचं. बाबाचा स्वतःचा उतार अंगणापुरताच असतो. बाकीचा सगळा उतार त्याला आपण गप्प बसून करून देतो.